बैल शोधताना

तेल लावून येऊ नका, फोनवर दोनदा सांगितलं होतं.
चाँदपाशा चपचपीत तेल लावून आले,
भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून,
फोटो काढायचाय अशा समजुतीनं.
मग वस्तुसंग्रहालयामागच्या नळावर
मी त्यांचं डोकं शिकेकाईनं धुतलं.
साठीतला माणूस, मान वाकवून उभा,
कानामागून पाणी ओघळतंय
आणि तो म्हणतोय, साहेब रागावले का.

साहेब कुणी नव्हतं. मीच होते,
दोन पेट्या घेऊन धाराशिवहून एसटीनं आलेली.

टोपीला बत्तीस भोकं, प्रत्येकात गार जेलचा थेंब.
"दुखतंय का?"
"नाही. मुंग्या चालायल्यात जणू."
पडद्याखाली काळी पट्टी, बोटभर रुंद.
तिला माणूस दिसत नाही,
दिसतात नुसती बुबुळं.

काम सोपं आहे, मी समजावलं.
जुन्या खोदकामाचे अकरा हजार फोटो,
नाव नाही, नंबर नाही, ट्रंकेत सापडले तसे.
त्यांतून हवाय मोडक्या शिंगाचा मातीचा बैल.
बोलायचं नाही, बोट हलवायचं नाही.
सेकंदाला चार चित्रं जातील, तुम्ही बघत राहा.
ओळखीचं काही आलं
की डोक्यात एक बारीक लाट उठते,
तुम्हाला कळायच्या आत
ती आम्हाला कळते.

ते हसले. "म्हणजे चोर पकडायचं यंत्र."

मडकी गेली. मणी गेले. खड्डे,
खड्ड्यांत दोरीचे चौकोन,
शंखाच्या बांगड्या, विटा, विटा, विटा,
पांढरीची भुरी माती,
एक बाई, जिचं डोकं सापडलं, धड नाही.
तेरणेवरून वारा येत होता.
खिडकी आपटली की चाँदपाशांच्या पापण्या लवायच्या,
आणि माझ्या आलेखावर
एवढा मोठा डोंगर उभा राहायचा, फुकटचा.

पाऊण तासानं यंत्रानं सात फोटो निवडून दिले.
एकातही बैल नव्हता.
खापर. खापर. चुलीची राख. दिव्याचा कान.
मी टोपी चाचपली, तारा तपासल्या,
तेलाला मनातल्या मनात दोष दिला.

मग नजरेचे ठिपके फोटोंवर चढवले.
लाल ठिपके मधोमध नव्हतेच.
खापराला शिवलेही नव्हते.
सगळे गोळा झाले होते डाव्या कडेला,
जिथं काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची मोजपट्टी
धरून होता एक हात.
सातही फोटोंत तोच.
कोपरापर्यंतच. हिरवा चुडा,
करंगळी जरा बाहेर वळलेली.

चाँदपाशा बराच वेळ बोलले नाहीत.
टोपीतल्या तारा तेवढ्या हलल्या.

"अम्मी टोपलं उचलायला होती इथं.
मोठे साहेब म्हणायचे, पट्टी धर, हलू नको.
ती हलायची नाही. श्वास पण घ्यायची नाही.
मी बांधावर बसून मोजायचो,
किती वेळ घेत नाही ते."
मग एकदम, चूक पकडल्यासारखं,
"पण मॅडम, मी बैलच बघायलो होतो.
खरंच. बैलच."

घरी तिचा फोटो आहे का, विचारलं.
मान हलली, आडवी.

आता पडद्यावर खाली दोन चौकोन:
निवड बरोबर, निवड चूक.
एक दाबल्याशिवाय यंत्र पुढं शिकत नाही.
जे दाबीन, ते त्याला उद्यापासून खरं.
बैल मागितला आणि हात मिळाला,
तर नियमानं हे सात वेळा चूक.
माझं बोट चौकोनावर गेलं, थांबलं,
आणि तेवढ्यात वीज गेली.
तेरमध्ये जाते तशी, न सांगता.

अंधारात त्यांनी स्वतःच टोपी काढली,
जेल रुमालाला पुसलं,
उद्या येऊ का म्हणून विचारलंही नाही.

सकाळी मी यायच्या आधी ते पायरीवर बसलेले.
डोकं कोरडं, केस उभे, तेलाचा थेंब नाही.
"बैल राहिलाय," म्हणाले.